झाडाकडून मागून आणलेलं सूत

पहिल्यांदा ओढली तेव्हा साल माझ्या डोक्याच्या उंचीपर्यंतही न जाता तुटली. हातात जेमतेम दोन हात लांबीची पट्टी आली. खोडावर एक ओला, फिकट पट्टा उघडा पडला. झाडाला जखम केली आणि हाती काही लागलं नाही, या विचाराने मी तशीच उभी राहिले. फुचींनी ती पट्टी माझ्याकडून घेतली, ओल्या बाजूला चिकटलेला पाला पुसला, घडी घातली आणि पिशवीत ठेवली. "ही पण घरी न्यायची," त्या म्हणाल्या. "दिलेलं टाकून जायचं नाही."

जूनचा दुसरा आठवडा होता. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, हिदाका भागात, सारू नदीच्या काठी निबुतानी नावाचं गाव आहे. त्याच्या मागच्या डोंगरात आम्ही पाच जण होतो. फुची म्हणजे ऐनू भाषेत आजी. ऐनू हे होक्काइदोचे मूळ निवासी. मला शिकवणाऱ्या या बाईंना गावात सगळे फुचीच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या होता. जंगलात शिरायची आणि साल काढायची परवानगी त्याने आधीच काढून ठेवली होती. तिकडे तपकिरी अस्वलं आहेत, म्हणून कमरेला घंटी बांधून तो सारखा पुढेमागे फिरत होता. आम्ही तिघी शिकणाऱ्या.

मी मूळची येवल्याची. आजोबा पैठणी विणायचे. आजी असारी नावाच्या फिरत्या चौकटीवरून रेशीम उलगडून रहाटावर कांड्या भरायची आणि पुढे ते काम आईकडे आलं. माझ्या लहानपणाचा आवाज म्हणजे मागाचा खटका. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली चार वर्षं सप्पोरोत आहे. २०२० साली शिराओईला उपोपोय हे ऐनूंचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं, तिथे मी पहिल्यांदा अत्तुश, म्हणजे झाडाच्या सालीच्या धाग्याचं कापड, पाहिलं. मधाच्या रंगाचा अंगरखा. गळ्याशी, बाह्यांच्या तोंडाशी आणि घेराला गडद निळ्या सुती कापडाच्या पट्ट्या लावून त्यावर भरतकामाच्या वळणदार रेघा. सगळे लोक नक्षी पाहत होते. माझी नजर गेली ती साध्या भागावर. तिथे विणीत ठिकठिकाणी बारीक गाठी दिसत होत्या. ताण्यातही आणि बाण्यातही. आमच्या घरी ताण्यात गाठ दिसली तर आजोबांचा चेहरा पडायचा. इथे एवढ्या गाठी असूनही कापड असं सपाट आणि तुकतुकीत कसं, हे मला कळेना. त्या एका प्रश्नामुळे मी निबुतानीला पोहोचले.

आपल्याकडे वल्कल हा शब्द आपण रामायणापासून ऐकतो. राम-लक्ष्मण वनवासाला निघतात तेव्हा वल्कलं नेसतात, आणि चित्रांमध्ये ती झाडाची साल अंगाला गुंडाळल्यासारखी दाखवलेली असते. माझ्याही डोक्यात तेच चित्र होतं. 'अत्तुश' या शब्दाची फोड लोक अशी करतात: 'अत्' म्हणजे ओह्यो झाडाच्या सालीचा वाख आणि 'रुश' म्हणजे कातडं. पण कातड्यासारखं त्यात काहीच नाही. हे धागा काढून, वळून, मागावर विणलेलं पूर्ण कापड आहे.

ओह्यो हा एल्मच्या जातीचा वृक्ष. पान खरखरीत असतं आणि टोकाशी त्याला तीन-पाच अणकुच्या असतात, त्यामुळे एकदा दाखवल्यावर पुन्हा चुकत नाही. झाडं मात्र आता सहज सापडत नाहीत. जंगलतोड झाली, शिवाय हरणांना एल्मची साल फार आवडते. हिवाळ्यात बर्फावर उभी राहून ती खोडं सोलतात आणि पूर्ण गोल सोललेलं झाड मरतं. त्या दिवशी अशी दोन वाळलेली खोडं आम्हाला वाटेत दिसली. फुची दोन्ही ठिकाणी थांबल्या, काही बोलल्या नाहीत. आता गावातले लोक पुढच्या पिढ्यांसाठी ओह्योची रोपं लावतात. ती जपायची म्हणजे पहिल्यांदा हरणांपासून.

झाड निवडल्यावर लगेच हात लावायचा नसतो. फुचींनी बुंध्याशी थोडी तंबाखू आणि तांदूळ ठेवले, साके म्हणजे तांदळाची दारू शिंपडली आणि ऐनूमध्ये झाडाशी बोलल्या. नंतर जपानीत आम्हाला अर्थ सांगितला. तुझ्या वस्त्रातलं थोडं आम्हाला दे, आम्हाला कापड करायचं आहे, तुला उघडं टाकणार नाही, असं काहीसं. मग कुऱ्हाडीने बुंध्याशी आडवी खाच, हाताच्या पंजाएवढी रुंद. पातं खाली घालून साल थोडी उचकटायची, दोन्ही हातांनी धरायची आणि मागे मागे सरकत ओढायची. जूनमध्ये झाडात रस चढलेला असतो, म्हणून साल लाकडापासून सुटते. हा मोसम गेला की ती लाकडाला चिकटून बसते.

मी नुसत्या हातांनी ओढत होते, म्हणून ती तुटली. अंगाचा भार टाकायचा असतो, आणि साल खोडापासून लांब न्यायची असते, म्हणजे फाट आपोआप वर चढत जाते. दुसऱ्या वेळी फुचींनी माझ्या कमरेला मागून हात लावला आणि आम्ही दोघी मिळून मागे सरकलो. चर्रर्र असा आवाज वर वर जात राहिला. पट्टी निमुळती होत होत पार फांद्यांपाशी सुटली आणि सळसळत आमच्या अंगावर आली. पाच-सहा मीटर तरी असेल. मी मोठ्याने हसले, आणि वर पाहत फुचींनी झाडाला "इयाइराइकेरे" म्हटलं. म्हणजे आभार.

एका झाडाच्या घेरातला साधारण चौथा हिस्साच घ्यायचा. बाकीची साल जागेवर राहिली तर झाड जगतं. आणि निघण्यापूर्वी सालीच्याच एका पट्टीने खोडाला कंबरपट्ट्यासारखा वेढा बांधायचा, म्हणजे उघड्या भागाच्या कडेने वारा शिरून उरलेली साल सोलली जाणार नाही. ती गाठ फुचींनी मला बांधायला लावली. आजारी माणसाला शाल पांघरावी तशी मी ती बांधली, दोनदा ओढून पाहिली.

बाहेरची खडबडीत, काळपट साल तिथेच काढून टाकतात. पट्टी उलटी दुमडली की ती तडकते, मग नखाने सोलत जायचं. आतली साल पिवळट, लवचीक आणि भेंडीसारखी बुळबुळीत. तिच्या घड्या घालून गाठोडी बांधली आणि पाठीवर घेऊन उतरलो.

पूर्वी ही साल गरम पाण्याच्या झऱ्यात किंवा दलदलीत कित्येक दिवस बुडवून ठेवत. आपल्याकडे अंबाडी कुजवतात तोच न्याय. फुचींकडे मोठ्या पातेल्यात लाकडाची राख घालून उकळतात. अंगणात दिवसभर पातेलं रटरटत होतं. राखेच्या पाण्यात साल हळूहळू तांबूस झाली आणि बुळबुळीतपणा सुटून पाण्याला तार आली. राख पाहून मला आजोबा आठवले. जुन्या ताण्याला नवा ताणा सांधताना ते बोटांना राख लावायचे, रेशीम निसटू नये म्हणून. मी हे फुचींना सांगितलं तर त्यांनी माझी बोटं हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली.

उकळलेली साल पाण्यात धुताना तिचे थर सुटतात. कांद्याचे पापुद्रे सोडवावेत तसे, पण इथे एक पापुद्रा पाच मीटर लांब. घाई केली की तो आडवा फाटतो. पाण्याखाली धरून अंगठा थरांच्या मधून सरकवत न्यायचा. माझ्या एका पट्टीचे सात थर निघाले. बाहेरचे जाड आणि गडद, आतले पातळ, साईसारखे. पूर्वी बायका हे सारू नदीवर करत. आता गावाजवळच नदीवर धरण आहे. त्या धरणासाठी ऐनूंची जमीन सक्तीने घेतली गेली होती. कायानो शिगेरू आणि काइझावा कुटुंब त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि २७ मार्च १९९७ रोजी सप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने ते भूसंपादन बेकायदेशीर ठरवलं. ऐनू हे इथले मूळ निवासी आहेत, हे त्या निकालात मान्य झालं. पण तोपर्यंत धरण बांधून झालं होतं, ते तसंच राहिलं. संपूर्ण देशाच्या कायद्यात ऐनूंना मूळ निवासी म्हणायला २०१९ साल उजाडावं लागलं. आम्ही आमची साल अंगणात नळाखाली धुतली.

मग वाळवण. दांडीवर टाकलेले ते लांब तांबूस पट्टे वाऱ्यावर हलायचे. वाळले की गुंडाळून ठेवले आणि मी सप्पोरोला परतले. नोव्हेंबरपर्यंत काही काम नव्हतं.

खरं काम हिवाळ्यात सुरू झालं. महिन्यातून दोन शनिवार-रविवार मी जायचे आणि मधल्या दिवसांत घरी बसून करायचे. वाळलेला पापुद्रा ओलसर करून नखाने उभा चिरायचा, दोन-तीन मिलिमीटर रुंद. हे रोज तीन तास केलं तर पहिल्या आठवड्यात अंगठ्याच्या नखाची कड फाटते, पुढे ते जाड होतं. मग त्या चिरलेल्या पट्टीला बोटांनी पीळ द्यायचा. ऐनूत 'का' म्हणजे धागा. टकळी नाही, चरखा नाही. एक टोक दातात किंवा पायाच्या अंगठ्यात अडकवायचं आणि दोन्ही हातांच्या बोटांनी वळत जायचं. आपल्याकडे वाखाची दोरी वळतात, तसंच, पण तिच्या कितीतरी पट बारीक. पीळ कमी पडला तर धागा चपटा राहतो आणि मागावर विंचरला जातो, जास्त झाला तर त्याच्या गुंतवळ्या होतात. पट्टी संपली की पुढची गाठीने जोडायची.

संग्रहालयात मला दिसलेल्या गाठी त्या ह्याच. ही विणकराची गाठ असते. एक फास, त्यातून दुसरं टोक, आणि ओढल्यावर दाण्याएवढी घट्ट. येवल्यात तुटलेला धागा जोडताना अशीच गाठ मारतात आणि मी ती सात-आठ वर्षांची असताना शिकले होते. फुचींनी मला दाखवायला सुरुवात केली आणि माझ्या हातांनी ती त्यांच्या आधी पूर्ण केली. त्या थांबल्या. "कुणी शिकवली?" "आजीने." त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला उठल्या. त्या दिवसापासून त्या माझं काम मागून येऊन तपासत नसत.

मला एक गोष्ट इथे पहिल्यांदा समजली आणि तिने मी हलून गेले. आमच्या घरात रेशीम बंगळुरूहून यायचं, जर सुरतेहून. सूत हे आणायचं आणि वापरायचं असतं, असं मी मोठी होईपर्यंत धरून चालले होते. आजोबांची सगळी कला धाग्याच्या पुढची होती. इथे कापडाचा बहुतेक वेळ धाग्यातच जातो. मी सहा आठवडे रोज वळत होते आणि माझ्यापुढे नारळाएवढे चार गुंडे झाले. फुचींनी ते हातात तोलून सांगितलं, एवढ्यात एक अरुंद पट्टा होईल. अंगरख्याला याच्या कितीतरी पट. म्हणजे घरातल्या माणसांना अत्तुश घालायचं तर बायकांचा हिवाळ्याचा जवळजवळ प्रत्येक मोकळा तास यात जात असणार, स्वयंपाक, मुलं, गोष्टी सांगणं हे सगळं करता करता. वळताना हात मोकळे नसतात पण तोंड असतं. फुचींनी मला झाडाच्या देवतेची कथा अशीच वळता वळता सांगितली. ऐनूंना जगायला शिकवणारा वीर एल्मच्या देवीच्या पोटी जन्मला. त्याच्या अंगातल्या अत्तुशच्या घेराला सदा आग लागलेली असते, कारण एल्मच्या लाकडातूनच माणसाला विस्तव मिळाला. कथेतला एल्म आणि ओह्यो ही जवळची पण वेगळी झाडं आहेत, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं.

या कापडाने बाहेरच्या जगातही नाव कमावलं होतं. एदो काळात, म्हणजे १८६८ च्या आधी, व्यापारी होक्काइदोहून अत्तुश घेऊन दक्षिणेला जात आणि किनाऱ्याने मालवाहतूक करणाऱ्या जहाजांवरचे खलाशी ते कामाचे कपडे म्हणून घालत, कारण ते खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. त्यानंतरच्या मेइजी काळात ऐनूंची भाषा, गोंदण, शिकार या सगळ्यांवर सरकारी दडपण आलं आणि जंगलंही सरकारची झाली. तरीही निबुतानीत माग थांबले नाहीत. २०१३ साली जपान सरकारने निबुतानीचं अत्तुश आणि इथली कोरीव लाकडी तबकं यांना पारंपरिक हस्तकलेचा अधिकृत दर्जा दिला. त्या यादीत होक्काइदोतून गेलेल्या या पहिल्याच वस्तू. फुचींच्या भिंतीवर यासंबंधीचं काहीही लावलेलं नाही. त्यांच्या सासूचा फोटो मात्र आहे, मागावर बसलेला.

फेब्रुवारीत मी मागावर बसले. हा माग म्हणजे सुट्या काठ्याच. चौकट नाही, पायाने दाबायच्या पावड्या नाहीत. ताण्याचं एक टोक समोर खांबाला बांधायचं आणि दुसरं टोक, जिथे कापड तयार होतं, आपल्या कमरेला. पाठीमागे रुंद पट्टा असतो. आपण मागे झुकलो की ताणा ताठ होतो, पुढे झालो की सैल. म्हणजे मागाचा अर्धा भाग आपलं शरीर. एकाआड एक धागे दोऱ्याच्या फासांनी एका काठीला बांधलेले असतात. ती उचलताना पुढे व्हायचं, धाग्यांत फट पडली की अत्तुश-पेरा नावाचं रुंद लाकडी पातं आत सरकवून उभं करायचं, अहुंकानित नावाच्या काठीवर गुंडाळलेला बाण्याचा धागा त्यातून पलीकडे द्यायचा, आणि पातं आडवं करून मागे झुकत दोनदा ठोकायचं. आपल्या मागावर फणी बाणा ठोकते. इथली ओसा फणीसारखीच दिसते, पण तिचं काम फक्त ताण्याचे धागे पसरून ठेवणं. माझे हात सवयीने तिच्याकडेच जात होते. पहिले दोन दिवस फुची दर वेळी हलकेच माझं मनगट धरून पात्याकडे नेत होत्या.

कापडाची रुंदी हातभराहून थोडी कमी. एका दिवसात वीतभर झालं तर मी खूश.

तिसऱ्या शनिवारी बाहेर उणे बारा होतं. मला थंडी वाजते म्हणून शेगडी मोठी केली आणि फुची शेजारी कुणाकडे गेल्या. खोलीतली हवा कोरडी होत गेली हे माझ्या लक्षात आलं नाही. सालीचा धागा ओलसर असताना चिवट असतो. वाळला की गवतासारखा मोडतो. मी मागे झुकले आणि उजवीकडचे तीन धागे एकदम गेले. ते बांधून पुन्हा झुकले तर आणखी चार. घाबरून मी जोरात बांधत गेले, तसा एका बाजूचा ताण वाढला आणि कड आत ओढली गेली. एकूण अकरा धागे तुटले. फुची परत आल्या तेव्हा मी रडत होते. त्यांनी आधी शेगडी कमी केली. ओलं फडकं पिळून पूर्ण ताण्यावर पसरलं आणि माझ्याशेजारी बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने फडकं उचललं. धागे पुन्हा मऊ झाले होते.

मी म्हटलं, एवढा भाग उसवून काढते. त्या म्हणाल्या, "का? धागा तोच आहे. झाडाने काही वेगळा दिलेला नाही." अकरा गाठी तशाच ठेवून मी पुढे विणत गेले. आत गेलेली कड सरळ व्हायला आठ बोटं कापड लागलं.

मार्चच्या शेवटी पट्टा उतरला. सव्वा मीटर. फुचींनी तो कोमट पाण्यात बुडवून, ताणून वाळवला, आणि हातात दिला. कडक होता, हात फिरवला की कोऱ्या सुपासारखा लागत होता. वापरत गेलं की मऊ होतो, असं त्या म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा जुना पट्टा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. तो कातड्यासारखा मऊ आणि गडद झाला होता, आणि त्या 'रुश' शब्दाचा अर्थ मला तेव्हा लागला.

मे महिन्यात येवल्याला गेले तेव्हा तो बरोबर नेला. आईची नजर आता कमी झाली आहे, पण कापड ती बोटांनीच पाहते. ओसरीवर बसून तिने तो मांडीवर पसरला आणि एका टोकापासून दोन्ही कडांवरून अंगठे फिरवत निघाली.

"हे झाडाचं?"

"हो. सालीचं."

"आणि सूत?"

"मी वळलंय, आई."

ती थोडा वेळ थांबली. मग पुन्हा अंगठे पुढे सरकू लागले. प्रत्येक गाठीशी अर्धा क्षण थांबत होते, मोजत असावी. पट्ट्याच्या मध्यावर आल्यावर उजव्या कडेला हात अडला. ती मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"इथं काय झालं होतं गं?"

"ताणा वाळला. अकरा धागे तुटले."

"एकटी होतीस?"

"थोडा वेळ."

तिने तांब्यातलं पाणी बोटांवर घेतलं, तेवढ्या जागेवर शिंपडलं आणि पट्टा नाकाशी नेला.